पुढच्या चाकांच्या टोप्या

आमचं मूळ करमाडच्या शिवारातलं, वस्ती गावापासून कोसभर आत, मधी सगळी काळी जमीन. बापानं औत हाकलं, मी स्टेरिंग, एवढाच फरक. शहरात क्रांती चौकातून माणसं भरून दौलताबादचा किल्ला दाखवायला न्यायचो. गाडी एका रिटायर इंजिनीअर साहेबांकडून घेतलेली, दिसायला साधी सवारीची व्हॅन, पण चारही चाकं ओढणारी, आणि काय सांगू तुम्हाला, हे मी गावात इतक्यांदा सांगितलं की लोक मला बघून वाट बदलायचे. गिअरशेजारी चारही चाकं जोडायचा दुसरा दांडा होता, तो पाव्हण्यांना हात लावून बघू द्यायचो. पुढच्या चाकांच्या मधोमध दोन टोप्या, त्यांना दर दसऱ्याला हळदकुंकू.

मग आमच्या मनीषाचा, पोरीचा, बारावीचा गणिताचा पेपर आला आणि त्याच सकाळी अवकाळी कोसळला. साडेदहाला गेट बंद. मी म्हणलं घाबरू नको, चार चाकं हायेत, दांडा ओढला, आणि नाल्याजवळ गाडी बसली ती बसलीच. मागची चाकं चिखल उडवायली, पुढची नुसती बघायली. बायको पदर खोचून मागून ढकलत होती, म्हणली, अवो, बाकीची दोन घरी इसरली का. मनीषा नुसती घड्याळ बघायली, ते लई लागलं.

साहेबांना फोन लावला. म्हणले, दांडा ओढलास, पण टोप्या फिरवल्या का. म्हणलं, कशाच्या. ते म्हणले, अरे बाबा, त्या हातानं फिरवून लॉक केल्याबिगर पुढची चाकं इंजिनाला जुडतच नाहीत, किती दिवस दोनावर फिरायलास. म्हणलं, सहा वर्षं.

चिखलात बसलो, बोटांनी माती कोरली, कुंकवाचे थर निघाले, दोन्ही टोप्या फिरवल्या. मग ती गाडी, काय सांगू, ना ओरडली ना घसरली, बैलजोडीनं खांदा द्यावा तशी पुढून उठली आणि चालायला लागली. मी नुसतं स्टेरिंग धरलं होतं. गडबडीत बायकोला चढवायचं राहून गेलं, ती अजून ते काढून बोलती. शिपाई गेट ओढत होता, तेवढ्यात मनीषा चिखलाच्या पायांनी आत पळाली, मागं बघितलं नाय.

पास झाली. आता शेंद्र्याला कंपनीत जाती. माझा गुडघा गेला, म्हणून रविवारी व्हॅन तीच चालवती, मी बाजूला बसून सूचना देतो, ती व्हय बाबा म्हणती आणि तिला पाहिजे तशी नेती. माझ्यापेक्षा बरी चालवती, हे तिच्या आईला वाचून दाखवू नका. देव तिला सुखी ठेवो, मी बाजूच्या सीटवर बरा हाय.