भिंतीवरचा उजेड

काका: शटर पूर्ण खाली घे. अंधार होऊ दे, मग लाव दिवे.

वायरमन: शटर खालीच आहे, काका. दिवेही लागलेत.

काका: हे दिवे? गाडी जुनी म्हणून तिला असला मिणमिणता उजेड द्यायचा? चौथी खेप आहे माझी.

वायरमन: आधी बल्ब बदलले, मग काचा. मागच्या खेपेला जुन्या स्विचवरचा भार काढून रिले टाकला, बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली. आता मीटर लावून बघितलं, कुठे काही कमी नाही. भिंतीकडे बघवत नाही इतका उजेड आहे.

काका: मला शिकवतोस? पहिला टेस्टर मी दिला तुझ्या हातात.

वायरमन: म्हणून तर तुमच्याशी खोटं बोलवत नाही.

(काका हात धुवायला मागच्या नळाकडे जातात.)

काकू: तुझ्या कामात खोट नाही रे. ह्यांच्या डोळ्यांची नस सुकत चाललीय. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही.

वायरमन: आणि तरी गाडी चालवतात?

काकू: मी शेजारी बसून सांगते. डावीकडे सायकल, पुढे खड्डा. वर्ष झालं, असंच रेटतोय.

वायरमन: चावी लपवा, काकू.

काकू: लपवली होती. दोन दिवस जेवले नाहीत की बोलले नाहीत. मग माझ्यानंच राहवेना. तू सांगून बघ ना.

वायरमन: ज्यांनी हाताला धरून काम शिकवलं, त्यांना? माझी जीभ रेटत नाही हो.

(काका हात पुसत मागे येऊन उभे असतात.)

काका: मला दिसत नाही, हेच सांगायचंय ना? ते मला कळत नाही होय?

वायरमन: मग दिवे कशाला वाढवताय?

काका: हिच्यासाठी. परवा संध्याकाळी रस्त्यात एक माणूस होता, हिला अगदी शेवटी दिसला. ब्रेक लागला म्हणून वाचला बिचारा. ही म्हणाली, दिवे मंद आहेत.

काकू: मंदच होते.

वायरमन: परवा? वायर तर महिन्यापूर्वीच ओढली होती, काकू.

काकू: मग आणखी मोठे बल्ब घाल.

वायरमन: ह्याहून जास्त काही घालता येत नाही.

काका: नसेल तर नसेल. शटर उघड. बस गं गाडीत.

काकू: बसले. घ्या सावकाश, वाट मोकळी आहे.

वायरमन: थांबा, काका! फाटकात बाई उभी आहे.

काकू: कुठे?

वायरमन: समोरच, काकू. लाल साडीतली.

काका: काय गं?

काकू: मला वाटलं, फाटकाचाच रंग आहे.

वायरमन: काका, पहिल्याच गिअरमध्ये ठेवा. घरापर्यंत मी गाडीपुढे चालतो, हाक देत.

काका: आज चालशील. उद्या?