दोरीच्या बाहेर उभी आई

माझं माहेर बदलापूरजवळच्या खेड्यातलं, राहते आता अंबरनाथला, आणि कामाला त्या जुन्या बंगल्यात, आता त्याचं म्युझियम केलंय ना, तिथं. त्याच बंगल्याची फरशी माझ्या आईनं तीस वर्षं पुसली. मग मालक गेले, पोरं परदेशात, ट्रस्टवाल्यांनी बंगला घेतला आणि आईच्या ओळखीनं मला ठेवलं.

काम म्हणजे काय सांगू तुम्हाला, दिवसभर लोकांच्या पायांकडं बघायचं. मुंबईच्या एक मॅडम जुन्या वस्तू कशा जपायच्या ते शिकवायला आल्या होत्या, त्या बोलल्या, बाई, गालिचा एका दिवसात फाटत नाही, चपलेची वाळू त्याला रोज थोडी थोडी कापते. म्हणून दारात जाड पायपुसणं, बुटांवर कापडी पिशव्या, त्या मीच शिवते, कॅम्प चारच्या कापडबाजारातल्या सिंधी शेटकडनं कटपीस आणून, आणि दिवाणखान्याला दोरी, आत गालिच्यावर कुणीच जायचं नाही.

आई ऐंशीची झाली तेव्हा बोलली, एकदा दाखव की तुझी नोकरी. रिक्षानं आणली. सगळीकडं बोलत बोलत फिरली, हा डाग मी किती घासला, जाईचना मेला, असं. दोरीपाशी आली नि थांबली. बोलली, अगं, एवढी वर्षं ह्या गालिच्याच्या कडेकडेनं पुसलं, बाईसाहेब ओरडतील म्हणून कधी पाय ठेवला नाही. आता कोण ओरडणार, ठेवू का एकदा?

मी बोलले, आये, नको, कॅमेरा आहे, नोकरी जाईल माझी. खोटं कशाला सांगू, मोठ्यानं बोलले, मागं पब्लिक होती ना. तिनं उचललेला पाय मागं घेतला. राहू दे गं, मी आपलं सहज बोलले. रिक्षात उलट मलाच विचारते, रागावली नाहीस ना?

पाच महिन्यांनी गेली ती.

नंतर मॅडम आल्या तेव्हा त्यांच्यापुढं रडले, सगळं सांगितलं. त्या बोलल्या, अगं, मला एक फोन करायचास. आई मोजे घालून दोन पावलं चालल्या असत्या, काही झालं नसतं गालिच्याला.

एक फोन. मला सुचलंच नाही हो. हुकूम मानायची सवय, तिलाही तीच होती.

आता गुडघे दुखतात, पुढच्या वर्षी सुटेन. नियम चुकीचा नाही, गालिचा अजून चांगला आहे, लोक बघतात, वा वा करतात. करू दे. तुमची आई आहे ना? खूप जगो. तिला काय हवंय ते विचारा, आणि हो म्हणा.