सफेतली मोकळी जागा

ऐका. जवळ सरकून बसा. मध्ये कुणी माणसाएवढी जागा सोडू नका. का, ते सांगतो.

रमजानातली रात्र. खाडीकाठचा याकूब परकार तरावीहला, रमजानातल्या रात्रीच्या जादा नमाजाला, निघाला, तोच मुळी उशिरा. बायको जाऊन सात महिने झालेले. आठ वर्षांच्या मेहरूचा उद्या पहिला रोजा. ती झोपेचना.

"अब्बा, पहाटे सेहरी खायला उठवाल ना? नक्की?"

"मी नाही तर कोण उठवणार तुला?"

शेजारची हमीदाफूफी ओट्यावरून ओरडली, "तरावीह फर्ज नाही रे! उशीर झाला तर घरी पढ. पण कब्रस्तानाच्या वाटेने जाऊ नकोस!"

"फूफी, तिथले लोक तुमच्यापेक्षा कमी बोलतात."

आणि गेला की हो त्याच वाटेने! जवळची ना!

कब्रस्तानातल्या चिंचेपाशी आवाज आला. "अल्लाहु अकबर." पाहतो तर माणसं सफ धरून उभी. सफ म्हणजे नमाजाची रांग. याकूबला वाटलं, उकाडा आहे, आज सगळ्यांनी मिळून पढायची जमात उघड्यावर लावली. शेवटच्या सफेत एकाची जागा मोकळी. तो शिरला. हात बांधले.

आता बघा, तरावीहला इमाम मोठ्याने कुराण पढतो. इथे 'अल्लाहु अकबर'ची तकबीर झाली की चिडीचूप! शेजाऱ्याचा खांदा खांद्याला लागला. गार. रांजणाच्या बुडासारखा गार.

"अल्लाहु अकबर."

याकूब रुकूला वाकायला गेला. कुणीच वाकलं नाही!

नमाजात नजर खाली असते. त्याला शेजाऱ्याचे पाय दिसले. पाय कसले? पांढरं कापड, आणि खाली गाठ. कफनाची गाठ!

"अल्लाहु अकबर."

तिसरी तकबीर. आता त्याला कळलं. वाकून रुकू नाही, कपाळ टेकून सजदा नाही, अशी नमाज एकच. जनाज्याची. चार तकबिरी, मग सलाम, मग मयत उचलायची. सात महिन्यांपूर्वी बायकोसाठी त्याने ती इथेच पढली होती.

त्याने नजर वर केली. पुढे मयत न्यायची डोली होती. रिकामी.

कुणासाठी?

चाळीस वर्षांत याकूबने एकदाही नमाज मोडली नव्हती. पाय उचलेना. तो गार खांदा आणखी टेकला, आणखी टेकला. तेवढ्यात कानात मेहरू बोलली, 'नक्की?'

त्याने हात सोडले आणि पळाला! मागून चौथी तकबीर आली. त्याने वळून पाहिलं. पाहायला नको होतं. सलामासाठी सगळी तोंडं उजवीकडे वळली. मग डावीकडे. आणि तिथेच थांबली. त्याच्यावर.

घरी येऊन दाराला पाठ लावून बसला. सेहरीला मेहरूला उठवलं. डोळे चोळत ती म्हणाली, "अब्बा, तुमचा एकच खांदा ओला कसा?"

ती वाट आता काटे टाकून बंद केली आहे. तरी सांगून ठेवतो. तिथून तकबीर ऐकू आली, सफेत जागा दिसली, तरी शिरू नका. डोली अजून रिकामीच आहे.