सिन्नरच्या गुरुजींचा चालू फोन

आमच्या टेलिफोन कचेरीत संगणक नवा होता, तेव्हाची गोष्ट. सिन्नरचे एक गुरुजी पाच वर्षं नव्या फोनच्या प्रतीक्षायादीत होते. इगतपुरीला दिलेल्या लेकीचे दिवस भरत आलेले, म्हणून त्यांनी फोन अजून मिळाला नसल्याची तक्रार केली. लाइनमन जाऊन आला आणि सवयीने ‘तक्रार निकाली’ लिहून मोकळा झाला. तक्रार मिटली म्हणजे फोन चालू, असं समजून संगणकाने गुरुजींना यादीतून काढलं.

गुरुजी कचेरीत विचारायला आले, तेव्हा मी म्हणालो, “गुरुजी, आधी फोन बंद करायचा अर्ज द्या. मग नव्याने नाव लावू.”

“अहो, पण फोन आहे कुठे?”

“ते आपल्या दोघांना माहीत आहे. संगणकाला कोण समजावणार?”

गुरुजींनी अर्ज दिला. नातू झाल्याचं पोस्टकार्ड आणि आमचं उत्तर त्यांना एकाच दिवशी मिळालं. उत्तरात लिहिलं होतं, ‘प्रथम फोनचे यंत्र जमा करावे.’