जत्रेआधीचे टोमॅटो

क्लॅरी : तिथे नको! एनिड, तिथे नको!

एनिड : इथे काय वाईट आहे? छान गारवा आहे.

क्लॅरी : गारवा आहे, कारण वर लिंबाचं झाड आहे. सावलीत बटाटे लावणारी तू टास्मानियातली पहिलीच बाई.

एनिड : चला, कशात तरी पहिली आले.

क्लॅरी : पंचेचाळीस वर्षं मी ते कुंपणाशी लावतोय.

एनिड : आणि पंचेचाळीस वर्षं मी ते सोलतेय. बागेत पाऊल टाकलं की ‘माती तुडवू नकोस’. आता नवरा खुर्चीला चिकटलाय, सप्टेंबर लागलाय, थंडी सरून वसंत आलाय, ऊन पडलंय. तुडवते.

क्लॅरी : निदान डोळे वर करून लाव! बटाट्याचे. तुझे कशाला फिरवतेस?

एनिड : ऐकू येत नाही. इथे येऊन सांग.

क्लॅरी : येऊन? मध्ये तीन पायऱ्या आहेत.

एनिड : डॉक्टरांनी नवा खुबा बसवला, तो काय खुर्चीत बसायला?

क्लॅरी : पडलो तेव्हा त्याच पायऱ्यांशी दीड तास आभाळ बघत होतो. तू चर्चमध्ये केक विकत होतीस. तुला काय ठाऊक?

एनिड : ठाऊक आहे. आल्यावर मीच बघितलं ना. आणि मला तुला उचलता आलं नाही, क्लॅरी. म्हणून तर नर्सबाईंनी अट घातली. होबार्टच्या जत्रेनंतरच्या सोमवारी त्या येणार. एकटा फाटकापर्यंत जाऊन आलास तर घरी राहायचं. नाहीतर शहरातला वृद्धाश्रम.

क्लॅरी : तिथे टीव्ही मोठा आहे म्हणे.

एनिड : आणि मटार डब्यातले.

क्लॅरी : डब्यातले?

एनिड : नाताळच्या दिवशीसुद्धा. बरं, लावते मी इथेच.

\*

एनिड : मटार वीतभर झाले हं.

क्लॅरी : काठ्या रोवल्यास?

एनिड : कशाला? पसरू देत की ऐसपैस.

क्लॅरी : समुद्रावर सुट्टीला आलेत का ते? मटार वर चढतो! त्याला काठी लागते, सुतळी लागते. सुतळी शेडमध्ये खालच्या फळीवर आहे. डावीकडे. अगं, डावीकडे! ती फावडी आहे!

एनिड : हिला सुतळी म्हणत नाहीत होय?

क्लॅरी : राहू दे. सरक. मी येतो.

एनिड : खांदा देऊ?

क्लॅरी : नको. तू अशीच उभी राहा. दिसायला लांब, पण जवळ.

एनिड : एक.

क्लॅरी : मोजू नकोस.

एनिड : बरं.

क्लॅरी : ...मोज.

एनिड : दोन. ही खालची जरा ओली आहे. तीन.

क्लॅरी : बस. आज एवढंच. मटार पडले तर पडू देत.

एनिड : पडलेले उठतात, क्लॅरी. काठी मिळाली की.

\*

क्लॅरी : काय लावलंस म्हणालीस?

एनिड : टोमॅटो. बारा रोपं.

क्लॅरी : होबार्टची शेतकी जत्रा झाली?

एनिड : अजून दहा दिवस आहेत.

क्लॅरी : ह्या खोऱ्यात लोक चर्च चुकवतात, बायकोचा वाढदिवस चुकवतात—

एनिड : तू दोन्ही चुकवलेस.

क्लॅरी : —पण जत्रेची सुट्टी होईपर्यंत टोमॅटोला कुणी हात लावत नाही! डोंगरावर बघ, अजून बर्फ आहे. पहाटे दव गोठलं की सगळी काळी पडतील.

एनिड : ऊन किती छान आहे! मी तर बाह्या वर केल्या.

क्लॅरी : टोमॅटोला बाह्या नसतात! निदान झोपायच्या आधी झाकून तरी ठेव.

एनिड : मी दमलेय. एवढी काळजी असेल तर तू बघ.

\*

एनिड : क्लॅरी, माझ्या टोमॅटोंनी पायजमे घातलेत.

क्लॅरी : असं का?

एनिड : एकाने तुझी रविवारची पँट. कोपऱ्यातल्याने माझी लग्नात घालायची हॅट.

क्लॅरी : पहाटे थंडी होती. सुचलं असेल त्यांना.

एनिड : आणि वाफ्यात काठीचे गोल ठसे.

क्लॅरी : एखादं छोटं कांगारू, वॉलाबी, आलं असेल.

एनिड : काठी टेकत?

नेविल : (शेजारून, कुंपणावर कोपर टेकून) काय गोठलंय आज! गाडीची काच खरवडून हात गेले. एनिड, तुझी रोपं मात्र झकास आहेत हं.

क्लॅरी : असणारच. वेळेवर झाकली होती.

नेविल : ती नव्हेत रे म्हाताऱ्या. माझ्या काचघरातली. खरी बारा. जत्रेनंतर लावायची म्हणून तिने महिनाभर आधीच आणून ठेवली आहेत ना... एनिड, मान का हलवतेस? माशी बसली का?

एनिड : नेविल, तुझी किटली ओरडतेय.

नेविल : माझी विजेची आहे, ती कुठे ओर... अच्छा. हो, हो. ओरडतेय खरी. येतो मी.

क्लॅरी : खरी बारा.

एनिड : चहा टाकू?

क्लॅरी : म्हणजे मी भल्या पहाटे चौदा पावलं जाऊन खोट्या टोमॅटोंना पँट घातली.

एनिड : जाताना चौदा, येताना चौदा. अठ्ठावीस.

क्लॅरी : तू होतीस कुठे?

एनिड : दाराआड. बूट घालून.

क्लॅरी : दिसली नाहीस.

एनिड : दिसायला लांब होते.

क्लॅरी : आणि कुंपणाशी, माझ्या जागी, गुडघाभर बटाटे आलेत ते?

एनिड : देवाची करणी.

क्लॅरी : देवाने ओळ मात्र सरळ धरलीय. डोळेही वर केले असणार.

एनिड : पंचेचाळीस वर्षं खिडकीतून बघतोय बिचारा.

क्लॅरी : फाटक किती पावलांवर आहे?

एनिड : एकतीस.

क्लॅरी : हं. उद्या काय चुकवायचा विचार आहे?

एनिड : फाटकाशी गाजरं पेरावीत म्हणते. भरपूर ताजं शेण घालून.

क्लॅरी : ताज्या शेणात गाजराला चार पाय फुटतात, बाई.

एनिड : मला काय कळतं त्यातलं.

क्लॅरी : काठी दाराशीच ठेव.