रूपककथेतला काळा माणूस

मला लिहायला कोणी शिकवलं, ते सांगतो. त्या माणसाचे उपकार मी अजून विसरलेलो नाही. बाहत्तर साल असेल. मी नागपुरात नवा मास्तर होतो आणि एका मासिकासाठी रूपककथा लिहिली होती. त्यातला चांगला माणूस गोरापान, वाईट माणूस काळाकुट्ट. प्रुफं बघायला लकडगंजच्या छापखान्यात गेलो, तर छपाईचे खिळे जुळवणारे लक्ष्मणराव म्हणाले, "सर, वाईट माणूस काळाच काहून?"

"प्रतीक आहे ते," मी ऐटीत म्हणालो.

"मी काळा, माही पोरगी काळी. तिले शाळेत पोरं चिडवतात, अन् मी इथं तेच जुळवून राहिलो."

मला फार लाज वाटली. "मग काय लिहू?"

"तो करते काय, ते लिहा ना."

तिथेच स्टुलावर बसून मी रंग खोडला आणि लिहिलं, की तो भर उन्हाळ्यात विहिरीला कुलूप लावतो. लक्ष्मणरावांनी कुरकुर न करता सगळं पान पुन्हा जुळवलं.

अंक निघाला आणि आमचे घरमालक दारात हजर. "मास्तर, हे माझ्यावर लिहिलंत का?" संध्याकाळी त्यांनी आमच्या विहिरीला उन्हाळाभर लावलेलं कुलूप काढलं.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात जाऊन लक्ष्मणरावांना घरमालकांच्या कुलपाची हकिकत सांगितली आणि हात जोडले. त्यांनी विचारलं, "मालक दिसायले कसे आहेत?"

"गोरेपान."

"मंग बरं झालं, सर. काळा लिहिला असता, तर सुटले असते ते."