लग्न कुठल्या पाळीत लागलं

प्रेमकादंबरीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सुरतेच्या डिंडोलीत मी आणि सुकलाल एकाच यंत्रमागावर होतो, मी दिवसपाळीला, तो रात्रपाळीला. आमची खाट एक आणि जुनी, गाजलेली कादंबरीही एकच. वाचून थांबलं की पानात सुताचा तुकडा ठेवायचा. मागाची सवय, एकाने सोडलं तिथून दुसऱ्याने धरायचं. गोष्ट मध्येच उडी मारायची, पण मला वाटे, मोठ्या लेखकांची तशीच पद्धत असेल.

सुट्टीच्या दिवशी चहा पिताना मी म्हणालो, "पुस्तक गोड आहे रे, पण शेवटी तिच्या कडेवर मूल, आणि लग्नाचा पत्ता नाही. असलं घरी बायकोला कसं वाचायला देऊ?"

सुकलालने बशी खाली ठेवली. "लगीन लागलं ना भाऊ. माझ्या पाळीत लागलं."